काळ्या गाडीवरचं जाळं: स्वर्ल मार्क घरच्या घरी कसे काढायचे

काळी गाडी घेऊ नकोस असं मला तिघांनी सांगितलं होतं, त्यात शोरूमचा सेल्समन पण होता, पण त्याच्याकडं पांढरी तयार उभी होती म्हणून तो तसं म्हणतोय असं वाटलं आणि मी काळीच घेतली. आठ महिन्यांनी एका रात्री आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो, गाडी लागली ती नेमकी एलईडीच्या खांबाखाली, आणि मित्र ग्लास हातात घेऊन बॉनेटकडं बघत म्हणाला, "भावा, कोळ्यानं जाळं विणलंय की रं गाडीवर." बघितलं तर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक रेघा, शेकड्यानं, तारेच्या घासणीनं पातेलं घासावं तशा. दुधाची चव गेली ती गेलीच.

याला स्वर्ल मार्क म्हणतात. त्यानंतर मी माझी गाडी, भावाची काळी बुलेट आणि दाजींची गडद निळी सेडान अशा तीन गाड्यांवर हे काम केलंय, चुका पण भरपूर केल्यात, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी लिहितोय. ज्यांचं स्वतःचं डिटेलिंगचं दुकान आहे त्यांना यात नवीन काही सापडायचं नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. पॉलिश मारून जाळं काढणं हे दुसरं काम आहे. पहिलं काम म्हणजे ते जाळं ज्या फडक्यानं आलं ते फडकं गाडीतनं बाहेर काढणं. ते काढलं नाही तर महिन्याभरात सगळं होतं तसं परत येतंय, आणि मधल्या मधे तुमच्या गाडीचा रंग मात्र थोडा पातळ झालेला असतोय.

रेघा गोल नसतातच

रात्री मोबाईलची बॅटरी लावून बॉनेटवर धरा. गोल दिसतील. आता बॅटरी एक वीत बाजूला सरकवा. गोल पण बॅटरीबरोबर सरकतात. म्हणजे रेघा गोल नाहीतच, त्या सगळ्या दिशांना गेलेल्या सरळ बारीक रेघा आहेत, आणि त्यातल्या ज्या दिव्याला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्याला दिव्याभोवती चक्र दिसतंय. पांढऱ्या गाडीवर पण अशाच रेघा असतात हो, पण पांढरा रंग सगळीकडनंच उजेड परत फेकतो त्यात त्या हरवतात. काळा रंग उजेड गिळून टाकतो, मग फक्त रेघेची चमक तेवढी उरते. म्हणून काळा, गडद निळा, गडद मरून या मंडळींचेच हाल जास्त.

आता या रेघा आहेत कुठं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. गाडीचा रंग म्हणजे थर असतात, पत्र्यावर आधी गंज न लागण्यासाठीचा थर, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतनं आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं, आणि त्यातला क्लिअर कोट असतो 35 ते 50 मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चमक एका केसापेक्षा पातळ थरावर चाललीय. स्वर्ल मार्क या क्लिअर कोटच्या अगदी वरच्या काही मायक्रॉनात असतात, म्हणून ते निघतात. पण पॉलिश रेघ भरत नाही बरं का, रेघेच्या आजूबाजूचा थर घासून रेघेच्या तळापर्यंत खाली आणतं. हुपरीला चांदीचा दागिना पॉलिश होताना कुणी बघितला असेल तर त्याला हे सांगायला नको, दर पॉलिशला थोडी चांदी जातेच, म्हणून तिथं खाली पडलेली धूळसुद्धा गोळा करून ठेवतात. गाडीची धूळ काय परत गोळा करता येत नाही. हलकं पॉलिश साधारण एखादा मायक्रॉन खातं, कंपाउंड, म्हणजे जास्त जोरात कापणारं पॉलिश, त्यापेक्षा जास्त. दर सहा महिन्याला "रबिंग" करून घेणारी मंडळी आहेत आपल्याकडं, त्यांच्या गाड्यांची टपं चार-पाच वर्षात पांढरी पडून सोलायला लागतात ती उगाच नाही, क्लिअर कोट पातळ झाला की ऊन त्याला खाऊनच टाकतंय.

नक्की काय आहे ते आधी ओळखा

गाडी धुवून वाळवल्यावर अंधारात बॅटरी लावून बघा, किंवा दुपारच्या थेट उन्हात. ट्यूबलाइटखाली आणि ढगाळ दिवसात काहीच दिसत नाही, त्यावर जाऊ नका.

रेघेवरनं हळूच नख फिरवा. नख अडकलं तर तो स्वर्ल नाही, खोल ओरखडा आहे. ऊस चालू असताना ट्रॉलीच्या जवळनं गाडी काढली आणि बाहेर लोंबणाऱ्या उसानं दारावर जी रेघ ओढली, ती या जातीची. ती पूर्ण काढायच्या नादाला लागू नका, कडा गुळगुळीत करून थोडी लपली तरी समाधान माना. रेघेवर पाणी टाकल्यावर ती गायब होत असेल तर ती क्लिअर कोटमध्येच आहे, पाण्यातही दिसतेय म्हणजे खाली रंगापर्यंत गेलीय. तिसरा प्रकार म्हणजे उन्हात बॉनेटवर धुरासारखे पट्टे दिसतात आणि तुम्ही चाललात की ते पण चालतात, त्याला होलोग्राम म्हणतात, ते फडक्यानं येत नाहीत, ते चुकीच्या पॉलिशिंगनं येतात. माझ्या गाडीवर ते पण होते, त्याची कथा पुढं.

आणि हो, गाडी मॅट फिनिशची असेल तर हे वाचून झाल्यावर काहीही करू नका. मॅटला पॉलिश लावलं की तिथं चकाकता ठिपका पडतो तो कायमचा.

गुन्हेगार फडकं

आमच्या घरी आण्णांची शिस्त अशी की सकाळी चहाच्या आधी गाडी पुसायची, कोरडी, जुन्या बनियनच्या फडक्यानं. ते फडकं डिकीत असायचं, स्टेपनीच्या शेजारी. एकदा मी ते उन्हात झटकलं तर त्यातनं एवढी वाळू उडाली की बस. म्हणजे आम्ही रोज सकाळी सॅंडपेपरनं गाडी पुसत होतो, तेही प्रेमानं.

आपल्याकडची धूळ साधी नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या बाजूला कामाला जाणाऱ्यांच्या गाड्यांवर फौंड्रीची वाळू आणि लोखंडाचा भुगा बसतो, हायवेच्या सहापदरीकरणाची धूळ आहेच, गगनबावड्याकडं जाऊन आलात तर लाल माती, गळीत हंगाम चालू झाला की बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चिपाडाची, काळी राख. ज्योतिबाला जाऊन आलं की तर गाडीच गुलाबी. गुलाल दिसतो मऊ, पण त्याच्याखाली डोंगरावरची धूळ असते आणि आपण दोन्ही एकदम कोरड्या फडक्यानं पुसतो. गुलाल पडला तर आधी नुसतं पाणी, भरपूर पाणी, हात लावायचा नाही.

बाकीचे गुन्हेगार भराभर सांगतो. वॉशिंग सेंटरमध्ये एकच स्पंज चाकाला आणि तोच बॉनेटला. फिरत्या ब्रशचं ऑटोमॅटिक वॉश. पिसांचा किंवा दोऱ्यांचा डस्टर. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर, वाऱ्यानं ते रात्रभर हलतं आणि रात्रभर घासतं. पेट्रोल पंपावर प्रेमानं फडकं मारून देणारा पोरगा. गाडीवर बोटानं नाव लिहिणारी गल्लीतली पोरं, यांच्यावर मात्र अजून उपाय सापडलेला नाही.

धुणं

म्हशीला ज्या जोरानं घासतो त्या जोरानं गाडी घासायची नाही. म्हशीला ते आवडतं, क्लिअर कोटला नाही.

गाडी सावलीत लावा, बॉनेट गार होऊ दे. चाकं आधी उरकून घ्या, त्यांची बादली आणि ब्रश वेगळा, तो चुकूनसुद्धा वरच्या अंगाला लावायचा नाही. मग नुसत्या पाण्यानं वरपासून खालीपर्यंत गाडी भिजवा आणि जेवढी माती हात न लावता खाली जाईल तेवढी जाऊ दे, प्रेशर वॉशर असेल तर उत्तम, नसेल तर पाइपच्या तोंडाला बोट लावून करा, आम्ही अजून तसंच करतो. फोम गन असेल तर फोम मारून पाच मिनिटं थांबा, पण तो वाळू द्यायचा नाही.

मग दोन बादल्या. एकीत कारचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण नको, त्यानं वॅक्स उतरतं. मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, शाम्पूत बुडवा, टपापासून चालू करा, सरळ रेषेत, वजन न देता फिरवा, एक पॅनल झालं की साध्या पाण्याच्या बादलीत मिट खळबळून घ्या आणि मगच परत शाम्पूत. बादलीच्या तळाला जाळी मिळते ती टाकली तर वाळू खाली बसते आणि मिटला परत लागत नाही. पहिल्यांदा केल्यावर साध्या पाण्याच्या बादलीत खाली काय बसलंय ते बघा, एवढे दिवस ते सगळं आपण एकाच बादलीतनं परत गाडीला लावत होतो हे बघून पोटात गोळाच येतो. दारांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी.

पुसायचं नाही, टिपायचं. मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल, 800 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे टॉवेल किती जाड ते) पुढचा, बॉनेटवर अंथरायचा आणि दोन टोकांना धरून हळूच आपल्याकडं ओढायचा. बोअरच्या पाण्यानं धुतली असेल तर हे पटकन करा, उन्हात थेंब वाळले की क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि ते स्वर्लपेक्षा चिवट असतात.

हाताला खरखर लागतेय का

धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवा, किराणा दुकानात मिळते तसली. नुसत्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतनं जाणवतं, बारीक खरखर. ते म्हणजे क्लिअर कोटमध्ये रुतलेले लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक. यावर पॉलिशिंग चालू केलं तर तेच कण पॅडमध्ये येऊन नवीन रेघा ओढणार.

लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं, ते मारलं की जिथं लोखंड आहे तिथनं जांभळे ओघळ यायला लागतात. एमआयडीसीत रोज लागणारी गाडी असेल तर बघण्यासारखं दृश्य असतं, दाजींची गाडी अक्षरशः रडायला लागली जांभळी. वास मात्र कुजक्या अंड्याचा, मोकळ्यावर करा, ग्लोव्हज घाला आणि वाळायच्या आत धुवून टाका. मग क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा. शाम्पूचं पाणी किंवा क्लेबरोबर आलेलं लुब्रिकंट भरपूर मारायचं आणि क्लेची चपटी चकती हलक्या हातानं मागं-पुढं. आधी क्ले अडखळतो, आवाज येतो, मग एकदम लोण्यासारखा सरकायला लागतो, तिथं थांबायचं. क्ले काळा झाला की मळून घडी घालायची आणि स्वच्छ बाजू वर. आणि क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्यायचा. मी तो उचलून, धुवून परत वापरला होता, तीनशे रुपये वाचवले आणि डाव्या दारावर चार नवीन रेघा काढल्या.

क्लेमुळं थोडे बारीक ओरखडे येतातच, म्हणून क्ले करायचा तो पॉलिश करणार असाल तेव्हाच.

मशीन कुठलं

आता उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या गावात राहिल्यावर प्रत्येकाकडं एक अँगल ग्राइंडर असतो आणि प्रत्येकाचा एक मित्र असतो जो म्हणतो, "पॅड लाव की ग्राइंडरला, तेच मशीन हाय." मी ऐकलं. नशीब एवढंच की आधी भंगारातल्या बॉनेटवर करून बघितलं. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो, पॉलिशिंगच्या रोटरी मशीनला तीन हजार म्हणजे खूप झाले. दोन सेकंदात फोम वितळून रंगाला चिकटला, धूर आला, आणि खालचा प्रायमर दिसला. मित्र म्हणाला, "स्पीड जरा जास्त झालं व्हय."

नवख्यानं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्यायचं, डीए म्हणतात त्याला. रोटरीचं पॅड एकाच जागी गरगर फिरतं, कापतं जोरात पण उष्णता पण तशीच करतं, हात तयार नसला की रंग जळतो नाहीतर होलोग्राम पडतात. डीएचं पॅड फिरता फिरता हेलकावे पण खातं, त्यामुळं उष्णता पसरते आणि चूक माफ होते. मी आधी एका ठिकाणी पैसे देऊन गाडीला रबिंग करून घेतलं होतं, नाव घेत नाही, संध्याकाळी गाडी आणली तेव्हा आरशासारखी होती, आण्णा खूश. दुसऱ्या दिवशी उन्हात पट्टेच पट्टे, आणि तीन वेळा धुतल्यावर जुन्या रेघा पण परत हजर. रेघा काढल्याच नव्हत्या, तेलकट ग्लेझनं भरल्या होत्या, ती धुवून गेली. तुम्ही बाहेर करून घेणार असलात तरी हरकत नाही, फक्त मशीन कुठलं वापरता आणि शेवटी अल्कोहोलनं पुसून दाखवता का एवढं विचारा. दाखवतो म्हणाला तर माणूस कामाचा.

डीएमध्ये 8 मिमी थ्रोचं (थ्रो म्हणजे हेलकाव्याचं माप) मशीन वळणाच्या पॅनलवर सांभाळायला सोपं जातं, 15 मिमीवालं सपाट बॉनेटवर पटपट काम उरकतं पण कोपऱ्यात पॅड फिरायचं थांबतं. पाच इंची पॅड घ्या, एक फिनिशिंगचं मऊ आणि एक मध्यम, प्रत्येकी किमान दोन-तीन. कुठल्या रंगाचं पॅड मऊ ते कंपनीगणिक बदलतं, रंगावर जाऊ नका, पाकिटावर वाचा. एक फाइन पॉलिश, एक मध्यम कंपाउंड, मास्किंग टेप, आणि 300-400 जीएसएमचे आठ-दहा मायक्रोफायबर टॉवेल. टॉवेलचं लेबल कात्रीनं कापून टाका, ते पण ओरखडतं.

टेस्ट स्पॉट, इथंच खरं काम

सरळ अख्खी गाडी करायला घेऊ नका. बॉनेटवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपनं आखा आणि सगळे प्रयोग तिथं. नियम एकच, सगळ्यात सौम्य जोडीपासून चालू करायचं, म्हणजे मऊ पॅड आणि फाइन पॉलिश. गाडीगणिक क्लिअर कोट कडक-मऊ असतो, माझ्या गाडीला जे चाललं ते दाजींच्या गाडीवर नुसतं गुदगुल्या केल्यासारखं झालं.

प्लास्टिकची काळी पट्टी, रबर, लोगो, पॅनलच्या कडा आणि बॉनेटवरच्या उठावाच्या रेघा टेपनं झाका. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि पॅड नेमकं तिथंच जास्त दाबतं. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करनं एक जाड रेघ मारून ठेवा, चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे, दिसायची थांबली म्हणजे पॅड फिरत नाही, नुसतं थरथरतंय.

पॅडवर पहिल्या वेळी पॉलिश सगळीकडं बोटानं पातळ चोळून घ्या, नंतर दर चौकोनाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब बास. वायर खांद्यावरनं मागं टाका. पॅड आधी रंगावर टेकवा, मग मशीन चालू करा, उलटं केलं तर पॉलिश थेट भिंतीवर, आईच्या वाळत घातलेल्या साडीवर आणि तुमच्या तोंडावर, तिन्हीचा अनुभव आहे. स्पीड 1 वर चौकोनभर पसरवून घ्या, मग 4 किंवा 5 वर. हात हळू, सेकंदाला इंच-दीड इंच, आधी आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढलेला, मग तसेच उभे. असे चार ते सहा वेळा. दाब किती, तर मशीनचं वजन आणि वर तळहात ठेवल्याएवढा. दुधाळ पॉलिश हळूहळू पारदर्शक तेलासारखं होत जातं, तिथं थांबा, पूर्ण वाळेपर्यंत नको. मधे हाताची मागची बाजू लावून बघा, कोमट चालतं, हात ठेववत नसेल तर थांबा.

आता टॉवेलनं पुसा आणि बॅटरी लावा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी ही बॅटरी धरली आणि पाच मिनिटं तसाच बसून राहिलो. टेपच्या अलीकडं जाळं, पलीकडं काळंभोर पाणी, त्यात बॅटरीचा एकच स्वच्छ ठिपका, रंकाळ्यात रात्री पलीकडच्या काठाचा दिवा दिसतो तसा. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मग बाकीची कधी?"

साठ-सत्तर टक्के रेघा गेल्या असतील तर हीच जोडी कायम करा. कमी गेल्या तर त्याच पॉलिशला मध्यम पॅड, तरी नाही जमलं तर मध्यम पॅडवर कंपाउंड, आणि त्यानंतर मऊ पॅड-फाइन पॉलिशचा हात परत द्यावा लागतो, कारण कंपाउंड स्वतःचा एक धूसरपणा मागं ठेवतं आणि काळ्यावर तो दिसतोच. शंभर टक्के काढायच्या मागं लागू नका. खोल आहेत त्या राहू देत.

बाकीची गाडी

आता तीच पद्धत चौकोन-चौकोन करत. दर चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडा, त्यात पॉलिश आणि घासलेला क्लिअर कोट साठतो, भरलेलं पॅड कापत नाही आणि तापतं. दोन-तीन पॅनलनंतर पॅड बदलाच. टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता मेला. पहिल्यांदा करताना अख्ख्या गाडीला आठ-दहा तास धरून चाला, मी दोन रविवार घेतले, पहिल्या रविवारी बॉनेट आणि टप, दुसऱ्या रविवारी बाकीचं, मधल्या आठवड्यात गाडी पुढनं नवीन आणि मागनं जुनी अशी फिरत होती. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत जेवढं होईल तेवढं, नंतर बॉनेट तापतं आणि पॉलिश लगेच वाळतं.

एखादं पॅनल गॅरेजमध्ये परत रंगवलेलं असेल तर जपून. तो रंग कंपनीसारखा भट्टीत भाजलेला नसतो, बहुतेकदा मऊ असतो आणि लगेच तापतो. नुकताच मारला असेल तर महिना-दोन महिने त्याला हात लावू नका, पेंटरलाच विचारा.

सगळं झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी, एका वाटीला पाच-सहा वाट्या पाणी असं, स्प्रे करून स्वच्छ टॉवेलनं पुसा. पॉलिशमधलं तेल रेघा लपवतं, ते निघून गेल्यावर जे दिसतं ते खरं. माझ्या उजव्या फेंडरवर इथं पोल उघडी पडली, परत एक हात द्यावा लागला. हे ज्वालाग्राही असतं, गॅसजवळ, उदबत्तीजवळ नको.

बुलेटवाल्यांसाठी

टाकीवर मशीन फिरवायला सपाट जागाच नसते, त्यामुळं तीन इंची पॅड किंवा सरळ हातानं. हातानं करताना फोमचा अ‍ॅप्लिकेटर, फाइन पॉलिश, सरळ पुढं-मागं, गोल गोल नाही. अर्ध्या तासात चांगल्यापैकी फरक पडतो पण खांदा भरून येतो. पट्ट्या आणि स्टिकर टेपनं झाका. आणि भावाला सांगितलं ते तुम्हाला पण सांगतो, टाकीवर जिथं जाळं नाही, दोन्ही बाजूला गुडघ्याच्या जागी धुरकट पट्टे आहेत, ते जीन्सचं घासणं आहे आणि मधोमध असतील तर ते जॅकेटच्या चेनचं. पॉलिशनं जातील, पण पावसाळा संपेपर्यंत परत येतील. तिथं पारदर्शक पीपीएफचा, म्हणजे रंग वाचवणाऱ्या फिल्मचा, तुकडा चिकटवून टाका, विषय संपला.

वर काय लावायचं

पॉलिशनंतर रंग उघडा असतो, काहीतरी लावायलाच हवं. कार्नोबा वॅक्स काळ्यावर सगळ्यात खोल दिसतं पण आपल्या उन्हापावसात दोन महिन्यांच्या पुढं टिकेल असं धरू नका, सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने. सिरॅमिक कोटिंग वर्ष-दोन वर्षं, पण ते एक-दोन मायक्रॉनचं कवच आहे, चिलखत नाही, त्यानं माती सहज सुटते म्हणून धुताना रेघा कमी पडतात एवढाच त्याचा फायदा. आणि जाळं न काढता वर कोटिंग मारलं की जाळं कोटिंगखाली कायम, काढायचं झालं तर आधी कोटिंगच घासावं लागणार. नव्या गाडीवर शोरूममध्येच कोटिंग करून घेणाऱ्यांनी आधी बॅटरी लावून बघावं, डिलिव्हरीच्या आधी यार्डात धुळीच्या गाडीवर कुणी फडकं मारलं असेल ते आपल्याला थोडंच कळतंय. मी आता डिलिव्हरीच्या आधी सरळ सांगतो, धुऊ नका, पुसू नका, आहे तशी द्या. दाजींच्या वेळी मॅनेजरला वाटलं आम्ही रागावलोय.

आता रोजचं

रोज पुसणं बंद. धूळ बसू दे, धुळीनं रेघ पडत नाही, धूळ ओढल्यानं पडते. आठवड्यातनं एकदा दोन बादल्या. मधेच पक्ष्याची विष्ठा पडली तर मात्र थांबायचं नाही, ती क्लिअर कोट खाते, बाटलीतलं पाणी टाकून भिजवा आणि ओल्या टॉवेलनं दाबून उचला. वॉशिंग सेंटरला जावंच लागलं तर सांगा, नुसतं पाणी आणि फोम मारा, स्पंज आणि फडकं नको. पोरगा विचित्र बघतो, दहा रुपये जास्त दिले की बघायचं थांबतो.

मायक्रोफायबर टॉवेल घरच्या कपड्यात धुऊ नका, सुताचे तंतू त्याला चिकटतात, आणि फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नको.

खंडेनवमीला झेंडूचा हार लोखंडी तारेत ओवलेला असतो, ती तार ग्रिलवरनं बॉनेटच्या कडेवर येते आणि गाडी चालली की दिवसभर घासते. हार सुतळीत ओवून घ्या आणि खालनं, नंबर प्लेटच्या बाजूला बांधा. हळदकुंकू काचेवर लावा, संध्याकाळी पाण्यानं धुवा, बोटानं पुसू नका. यंदा आईनं काचेवर स्वस्तिक काढलं, टायरखाली लिंबू ठेवलं, आणि आण्णा सवयीनं बॉनेट पुसायला म्हणून डिकीत फडकं शोधायला गेले. ते मी चेन साफ करायला भावाच्या बुलेटला देऊन टाकलंय.